बापूंची कुटी आणि आपले मातीचे घर

माघ पौर्णिमा आली, की आपल्या दरेकसा स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, कुठकुठून गोंडी बांधव कचारगडच्या गुहेकडे निघालेले असतात. पूर्वजांचे ठिकाण डोळ्यांनी पाहावे, तेथे माथा टेकावा, एवढ्यासाठी ही माणसे पोराबाळांसह गाडीत रात्र काढून येतात. आपण मात्र येथेच राहतो आणि गावाबाहेर पडतो ते एक तर डोंगरगडच्या बमलाईला, नाही तर सोयरिकीला, नाही तर दवाखान्याला. एखादे घर पाहायला म्हणून गाडीत बसलेला माणूस माझ्या ओळखीत तरी नव्हता.

यंदा आम्हीच बसलो. धानाची मळणी झाली, धान घरात पडले, आणि पुसाच्या थंडीत सासूबाई, घरधनी, सातवीतली मुलगी आणि मी असे चौघे सेवाग्रामला बापूकुटी पाहून आलो. निमित्त सांगते. आमचे घरकुल मंजूर झाले आहे. जुने घर मातीचे, कवेलूचे, सासऱ्यांच्या हातचे. घरधन्यांचे म्हणणे, ते मोडून त्याच जागी स्लॅबचे बांधावे. सासूबाई म्हणत होत्या, मी असेपर्यंत या भिंतीला सबल लागणार नाही. दोन महिने घरात धड कोणी बोलत नव्हते. अशात मुलीने पुस्तकातला धडा वाचून विचारले, "गांधीजींचे घरसुद्धा मातीचे होते ना? मग ते अजून कसे उभे आहे?" उत्तर कोणालाच देता येईना. म्हटले, चला, जाऊनच पाहू.

तुमच्याही घरात हा वाद असेल, किंवा उद्या होईल. म्हणून हे लिहिते आहे.

जाणे कठीण नाही. दरेकसाहून पॅसेंजरने गोंदिया, गोंदियाहून नागपूर, नागपूरहून सेवाग्राम. हे स्टेशन पूर्वी 'वर्धा पूर्व' म्हणून ओळखले जाई. वर्धा स्टेशनला उतरलात तरी चालेल; तेथून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, म्हणून स्टेशनवर आधी विचारून घ्या आणि एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका. आश्रमाच्या समोर यात्री निवास आहे, मुक्कामाचे तेथे विचारता येते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तर विदर्भातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. आश्रमातल्या लहानशा दवाखान्यापासून डॉ. सुशीला नय्यर यांनी हे काम वाढवले आणि १९६९ मध्ये तेथेच वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रोग्याबरोबर गेलेली माणसे दिवस दिवस व्हरांड्यात बसून असतात. त्यांना हाकेच्या अंतरावर काय आहे ते कोणी सांगत नाही. तुमच्यावर तसा प्रसंग आलाच, तर एक दुपार इकडे काढा.

आता हे घर तेथे आले कसे, ते थोडक्यात. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीयात्रेला निघाले, तेव्हा स्वराज्य मिळाल्याखेरीज त्या आश्रमात परत पाऊल ठेवायचे नाही असे ठरवून निघाले होते. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने १९३४ मध्ये ते वर्ध्यात आले. परंतु शहरात बसून खेड्याची सेवा होत नाही असे त्यांना वाटे. मीराबेन, म्हणजे इंग्रज नौदलातल्या एका बड्या अधिकाऱ्याची मुलगी मॅडेलिन स्लेड, आधीच सेगाव नावाच्या खेड्यात जाऊन राहिल्या होत्या. सेगावची मालगुजारी जमनालालजींकडे होती. ३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी गांधीजी त्या गावी राहायला गेले. गाव कसे होते म्हणाल, तर आपल्याकडची गावे पूर्वी होती तसेच. पावसाळ्यात चिखल, जागोजाग साप, आणि हिवताप. त्याच वर्षी गांधीजी स्वतः हिवतापाने आजारी पडले.

नावाची गंमत मुलीला फार आवडली. गजानन महाराजांचे शेगाव बुलडाणा जिल्ह्यात, आणि हे सेगाव वर्ध्याजवळ. गांधीजींची टपाले तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये या गावाचे नाव 'सेवाग्राम' केले गेले.

आवारात शिरलात, की पहिल्यांदा चुकल्यासारखे वाटेल. संग्रहालय म्हटले म्हणजे मोठी इमारत, काचेची कपाटे, बाग म्हटली म्हणजे कारंजी आणि ताटव्यात लावलेली फुले, असे आपल्या मनात असते. येथे तसे काही नाही. सारवलेली आणि झाडलेली अंगणे, मोठमोठी झाडे, त्यांच्या सावलीत विखुरलेली बसकी कौलारू घरे. सासूबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "हे त आपल्याच गावासारखं हाय वो! येवढ्या दूर कायले आनलं मले?"

मग आम्ही पहिले घर पाहिले. त्याला आदि निवास म्हणतात. गांधीजी आले तेव्हा हे एकच घर होते. जवळपास मिळणाऱ्या सामानातून, गावच्या कारागिरांच्या हातून आणि थोडक्या खर्चात ते व्हावे, अशी त्यांची अट होती. घर कसले, एक मोठी खोलीच ती. त्यातच गांधीजी, त्यातच कस्तुरबा, त्यातच प्यारेलाल आणि येणारे-जाणारे पाहुणे. सरहद्दीचे खान अब्दुल गफारखान येथे येऊन राहिले होते. एकेका कोपऱ्यात एकेकाचे बिऱ्हाड. पुरुषांना त्याचे काही वाटले नसेल. पण बाईमाणसाने लुगडे कोठे बदलावे, आडवे कोठे पडावे? कस्तुरबांना ते अवघड होई. ते जमनालालजींच्या ध्यानात आले आणि त्यांनी बांसाठी वेगळी लहानशी कुटी बांधून दिली. ती बा कुटी शेजारीच आहे. पाहायला पाच मिनिटे लागतात. मी मात्र तेथे पुष्कळ वेळ उभी होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरातही बाईच्या आडोशाचा विचार सगळ्यांत शेवटी झाला, हे मला बरे वाटले नाही. जे वाटले ते लिहिले.

बापू कुटी ही मुळात गांधीजींसाठी बांधलेली नव्हती. मीराबेननी ती स्वतःसाठी उभी केली होती. आदि निवासात गर्दी झाल्यावर गांधीजी येथे राहायला आले. आत शिरताना वाकावे लागते. भिंती मातीच्या, वर बांबू आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर कवेलू. भिंतीवर मीराबेननी आपल्या हाताने मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठवला आहे. रंग नाही, काही नाही. मातीवर मातीचेच उंचवटे. आपल्याकडे पोळा-दिवाळीला बाया भिंतीवर बोटांनी नक्षी काढतात, तीच जात. सासूबाईंनी हे चित्र पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. सासरे असताना त्यांनीही छपरीच्या भिंतीवर मोर काढला होता. पुढे पोतणीखाली तो बुजून गेला. मला हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी तेथे कळले.

आत गांधीजींची बैठक आहे. जमिनीवरची गादी, टेकायला फळी, बुटके मेज, तीन माकडांची मूर्ती. शेजारी पाहुण्यांची जागा, आजारी माणसाला निजवायची जागा, मालिशीचे लाकडी बाक. न्हाणीघर आणि संडास घराला लागूनच, स्वच्छ आणि ऐसपैस. ते पाहिल्याशिवाय बाहेर येऊ नका. गांधीजींना न्हाणीघर नीटनेटके लागे आणि तेथला वेळही ते वाचनात घालवत. आपल्या घरात सर्वांत अंधारी, सर्वांत ओली जागा कोणती? न्हाणी. येथे उलट आहे.

शेजारच्या कार्यालयात दोन वस्तू ठेवल्या आहेत, त्या पोरांना जरूर दाखवा. एक लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप निघाला, की मारायचा नाही, चिमट्याने धरून पिंजऱ्यात घालायचा आणि दूर रानात सोडायचा, असा आश्रमाचा नियम होता. धानाच्या बांधीत राबणाऱ्याला हे सोपे वाटणार नाही, मलाही वाटले नाही. पण ज्या शेतात उंदीर धान नेतात, तेथे धामण मारून आपण कोणाचे भले करतो, हाही विचार मनात आला. दुसरी वस्तू टेलिफोन. व्हाइसरॉयला गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून सरकारने तो या खेड्यात आणून बसवला. ज्या सरकारशी लढाई, त्याचीच तार झोपडीपर्यंत आली होती!

कुटीच्या बाहेर प्रार्थनेचे खुले मैदान आहे. तेथला पिंपळ १९३६ मध्ये गांधीजींनी लावला. कस्तुरबांनी लावलेले बकुळीचे झाडही आहे. या जागेची बाग म्हणाल तर हीच. दोघांनी हाताने लावलेली दोन झाडे आणि नंतरच्या माणसांनी राखलेली सावली. पिंपळाचा आता केवढा विस्तार झाला आहे, तो खाली उभे राहून पाहावा. आमच्या मुलीने दोन्ही हात पसरून बुंधा कवेत घ्यायचा खटाटोप केला, पण अर्धाही मावला नाही.

आता मूळ प्रश्न. १९३६-३७ च्या सुमाराची ही मातीची घरे उभी कशी राहिली?

घरधनी गवंडीकाम थोडेफार जाणतात. ते आत कमी आणि बाहेरून जास्त फिरत होते. भिंतीच्या बुडाशी बसून त्यांनी पाहिले, छपराच्या कडेखाली उभे राहून पाहिले. परतताना गाडीत त्यांनी जे सांगितले ते असे. मातीच्या भिंतीचा वैरी पाणी. वरून पाऊस भिंतीला लागला नाही आणि खालून ओल चढली नाही, तर माती दगडासारखी राहते. म्हणून छपराची कड भिंतीपासून चांगली पुढे आलेली हवी आणि जोते अंगणापेक्षा उंच. आपल्याकडे पाऊस वर्ध्यापेक्षा अधिक, म्हणजे आपल्याला कड आणखी पुढे काढायला हवी. पण आपण करतो काय? दरवर्षी अंगणात मुरूम टाकतो, रस्ता उंच होतो, आणि जोते मात्र जमिनीत जाते. आमच्या घराची मागची भिंत फुगली ती यानेच. मातीचा त्यात दोष नाही. बांबूचेही तसेच. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला आणि काही दिवस पाण्यात मुरवलेला बांबू घुणीला लवकर बळी पडत नाही. घाई झाली म्हणून पावसाळ्यात तोडला, तर दोन वर्षांत त्याचे पीठ. हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते. आपण विचारले नाही.

आणि दरवर्षीची निगा. कवेलू चाळायचे, फुटके बदलायचे, भिंतीला हात फिरवायचा. निगा थांबली, की मातीचे घर दोन पावसाळ्यांत बसते. बापूकुटी उभी आहे ती कोणीतरी दरवर्षी तिच्यावर हात फिरवते म्हणून.

येथे मला बायांच्या वतीने बोलले पाहिजे. मातीचे घर थंड, मातीचे घर देखणे, हे बोलणारे पुष्कळ भेटतात. सारवणारे कमी. संग्रहालयाच्या घरात चूल पेटत नाही, गुरे बांधली जात नाहीत, पोरे भिंतीला रेघोट्या ओढत नाहीत. आमच्या घरी हे सगळे होते, आणि शेण-मातीचा हात माझा असतो. कमरेत लचक भरली तरी सण आला, की पोतणे आले. कवेलू घडवणारा कुंभार आता शोधावा लागतो. माकडांची टोळी एका सकाळी महिन्याची मेहनत उधळून जाते. म्हणून घरधनी स्लॅब म्हणतात तेव्हा त्यांचे अगदीच चुकते असे नाही. रात्री पाऊस कोसळत असताना न गळणाऱ्या छपराखाली निजणे काय असते, ते ज्याने गळक्या घरात ताटल्या मांडल्या आहेत त्यालाच कळेल.

पण याच आश्रमात झाडणे आणि संडास-सफाई पुरुषांनाही करावी लागे, स्वतः गांधीजींनाही. ही गोष्ट मी गाडीत दोनदा मोठ्याने सांगितली. घरधनी खिडकीबाहेर पाहत होते.

तेथे आम्हांला एका माणसाची गोष्ट कळली. इव्हान इलिच नावाचे एक विचारवंत, जन्म ऑस्ट्रियातला. जानेवारी १९७८ मध्ये ते एका परिषदेसाठी सेवाग्रामला आले होते. बापूकुटीत ते पुष्कळ वेळ नुसते बसून राहिले आणि मग तिच्यावरच बोलले. एवढ्याशा कुटीत जागा किती, ते त्यांनी मोजले होते. सात. आत शिरण्यापूर्वी जोडे काढून ठेवण्याची, सगळ्या कुटुंबाला पुरेल अशी मधली, गांधीजींनी बसून काम करण्याची, पाहुण्यांची, आजाऱ्याची, मोकळी ओसरी, आणि ऐसपैस न्हाणीघर.

हे कळल्यावर तुम्ही काय कराल? आम्ही जे केले तेच. आपल्या घरातल्या जागा मोजू लागलो. आमच्या जुन्या घरात छपरी आहे, तेथे पाहुणा बसतो, धानाची पोती पडतात, उन्हाळ्यात पोरे निजतात. मधली खोली, स्वयंपाकघर, सासऱ्यांनी अखेरचे सहा महिने ज्या कोपऱ्यात काढले तो कोपरा, मागे सांदवाडी. घरकुल २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. त्यात सात जागा कशा बसवायच्या? मुलीने वहीत चौकोन आखून पाहिले. पाच बसल्या. पाहुण्याची आणि आजाऱ्याची उरेना. सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजे माही उरली नाही." गाडीत त्यावर कोणी काही बोलले नाही.

वेळ असेल, तर वर्ध्यात मगन संग्रहालय पाहा. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी ते उघडले गेले. चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारे तेथे आहेत. धाम नदीच्या काठचा विनोबांचा पवनार आश्रम तर वर्ध्यापासून थोड्याच अंतरावर आहे. आम्हांला पवनार जमले नाही, थंडीत दिवस लहान.

निघण्यापूर्वी सासूबाईंनी पुन्हा एकदा बा कुटी पाहण्याचा हट्ट धरला, म्हणून तिची पुढची हकिकत येथेच सांगते. ऑगस्ट १९४२ मध्ये बा गांधीजींबरोबर मुंबईला गेल्या. ९ ऑगस्टला धरपकड झाली आणि पुण्याच्या आगाखान महालात सगळ्यांना कैदेत ठेवले गेले. महाल खरोखरीचा महाल. १८९२ मध्ये बांधलेला, भोवती विस्तीर्ण बाग. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई तेथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी वारले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा वारल्या. दोघांच्या समाध्या त्या बागेतच आहेत. १९६९ मध्ये आगाखानांनी तो महाल देशाला दिला आणि आता ते स्मारक आहे. पुण्याला गेलात तर पाहून घ्या. बा मात्र आपल्या मातीच्या कुटीत परत आल्या नाहीत. गांधीजीही ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामहून दिल्लीला गेले ते गेलेच. १९४८ च्या फेब्रुवारीत येथे यायचे त्यांच्या मनात होते. ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली.

सासूबाईंना हे सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "महालात मराव लागलं बिचारीले." आणि बाच्या कुटीच्या उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरधनी दोरी घेऊन सांदवाडीत उतरले. पपई आणि वालाचा मांडव काढला, तर एका बाजूला घरकुल बसते. जुनी छपरी आणि तिच्यालगतची खोली राहते. मागची फुगलेली भिंत उतरवावी लागेल, जोते मोकळे करावे लागेल, त्या बाजूचे छप्पर दीड हात पुढे काढावे लागेल. बांबू या थंडीतच तोडून तळ्यात टाकला आहे. पोतण्याचे अर्धे काम आपण करू असे ते म्हणाले आहेत, पोळ्याला पाहू.

सासूबाईंची एकच अट आहे. छपरीच्या भिंतीवर पुन्हा मोर हवा. तो कोणी काढायचा, हे अजून ठरलेले नाही. मुलगी म्हणते मी काढते, पण तिला अजून मोराचे पाय जमत नाहीत.